माणूस समोर असताना

तीर्थरूप दादाला धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. फ्रिज दुरुस्त करणारा तुझा भाऊ आता एका संशोधन केंद्रातली शीतकपाटं सांभाळतो. स्मृतिभ्रंश झालेल्या, डोक्याला मार बसलेल्या माणसांचे दान केलेले मेंदू त्यांत असतात. आईला सांगू नकोस, तिला जेवण जायचं नाही.

मेंदू आला की डॉक्टरीणबाई आधी त्या माणसाच्या घरी फोन करतात. मी शेजारीच पाना-पक्कड घेऊन असतो, आणि माझे कान तुला ठाऊकच आहेत. काल त्यांनी एका बॉक्सरच्या बायकोला विचारलं, "पहिला फरक कधी जाणवला?"

ती म्हणाली, "अहो, एकच विनोद पुन्हा पुन्हा सांगायचे. आम्हाला वाटायचं, मस्करी करतायत."

पक्कड हातातच राहिली.

दादा, रविवारी फोनवर तू पंचाच्या टोपीचा किस्सा सांगितलास आणि जरा वेळाने पुन्हा सांगितलास. तुला कळू नये म्हणून मी दोन्ही वेळा सारखाच हसलो. काही नसेलही. पण बॉक्सिंग शिकवताना अजून पोरांचे ठोसे खातोस ना? ते आजपासून बंद. वहिनींना घेऊन डॉक्टरकडे जा.

पत्र वहिनी वाचणारच, म्हणून विचारतो: वहिनी, हल्ली तो उगाच चिडतो का हो?

इथे हे प्रश्न माणूस गेल्यावर बायकोला विचारतात. तुझ्याबद्दलचे तू समोर बसलेला असताना विचारले जावेत, एवढंच मागणं.

तुझे ठोसे चुकवत वाढलेला,
धाकटा