माहिती देणाऱ्याची सही

३ मार्च

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आईला दोन, आणि उरलेला भावजींना. मी बरी आहे. जेवते, झोपते, पायात चपला आहेत. नेहमीच्या चौकशा इथेच संपल्या असं समज.

बाबांना इथे कुणीतरी पाहिलं होतं असं तू सांगितलंस म्हणून आले बाई या गावी. जिल्ह्याचं ठिकाण म्हणे! एक चौक, त्यात एक बंद घड्याळ, आणि जिकडे बघावं तिकडे कचेऱ्या. येताना बसमध्ये एक माणूस कपाटाचा भलामोठा आरसा घेऊन चढला. उतरेपर्यंत अख्खी बस केस सारखे करत होती. मीही केले. मग माझ्याच जॅकेटकडे लक्ष गेलं. आतलं अस्तर फाटलं होतं ना, ते हिरव्या दोऱ्याने छान शिवलेलं आहे. तूच शिवलंस ना मागल्या खेपेला? काळ्या जॅकेटला हिरवा दोरा, हा काय तुझा शौक!

हो, हो, मुद्द्यावर येते. बाबा आहेत की गेले, एवढा एक कागद आणायचा. डॉक्टर म्हणतात आईला एकटं ठेवू नका, आणि आई म्हणते, हे परत आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? म्हणून ती तुझ्याकडे यायला तयार नाही. सगळं लक्षात आहे माझ्या, उगाच पुन्हा पुन्हा लिहीत जाऊ नकोस.

तर कचेरीच्या तळघरात रेकॉर्डची खोली आहे. लांबलचक, दोन्ही बाजूंना नोंदवह्या, वास ओल्या पोत्यासारखा. तिथले काका दोरीला बांधलेला चष्मा लावून बसतात. मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "या वर्षी लवकर आलीस."

म्हातारी माणसं, कुणालाही कुणीही समजतात. परवा बोलावलंय.

उत्तर पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. कुठे पाठवशील? मला कधी पत्ता असतो का?

तुझी भिंगरी

ता. क. गळ्यातल्या किल्लीवरून तू मला कायम चिडवतेस. ती हरवलेल्या ट्रंकेची नाही. सांगेन कधीतरी.


५ मार्च

ताई,

हे पत्र आईसमोर वाचू नकोस. आधी दार लाव.

इथे एक पद्धत आहे. दर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घरमोजणीवाला दारोदार फिरतो. घरात कोण कोण राहतं ते लिहून घेतो, आणि जो दार उघडेल त्याची सही घेतो. 'माहिती देणाऱ्याची सही' असा रकानाच आहे. एकदा चढलेलं नाव पुढच्या वर्षी तसंच उतरवतात, वय फक्त एकाने वाढवतात. नाव कमी करायचं तर घरातल्याच माणसाने समोर येऊन सांगावं लागतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं चालत नाही.

काकांनी घर क्रमांक एकशे सत्तावीसचं पान उघडलं. बाबा, कुटुंबप्रमुख, धंदा कुलूपदुरुस्ती. त्यांच्या खाली दुसरी ओळ होती. मुलगी. माझं नाव. ताई, वय बरोबर होतं.

सहा वर्षांपासून आहे ते.

आता सांगतेच. सहा वर्षांपूर्वी मी फळांच्या पेट्या भरायच्या कामाला या बाजूला आले होते, तेव्हा बाबा मला भेटले. चौकात, कुलपांच्या गाड्यावर. त्यांनीच ओळखलं, माझ्या चालण्यावरून. म्हणाले, "तूसुद्धा माझ्यासारखीच, एका जागी न टिकणारी." घरी नेलं. एक खोली, एक खाट. मला खाट दिली आणि स्वतः खाली झोपले. सकाळी माझ्या मापाची एक किल्ली घासून दिली. माझ्या मापाची म्हणजे काय, तर धरायला सोपी, लहान मुठीची. म्हणाले, "राहा ना थोडे दिवस." मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत येते. आणि बस धरली.

तुला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. आई दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाली असती, हे एक कारण. दुसरं कारण, बाबांना टाकून येणारी या वेळी मी होते.

त्यांनी बहुतेक त्याच आठवड्यात माझं नाव चढवलं. शेऱ्यात लिहिलंय, 'बाहेर गेली आहे, संध्याकाळी येणार.'

मी काकांना म्हटलं, "हे हयात आहेत मग?"

"वहीत आहेत," काका म्हणाले. "इथे नुसतं मरून भागत नाही, नोंद लागते."

मग त्यांनी सह्यांचा रकाना दाखवला. पहिली तीन वर्षं बाबांची सही. नंतरची तीन वर्षं माझी.

तुला आठवतं, मी सातवीत शाळा सोडली तेव्हा तू मला सही शिकवलीस? खाली दोन टिंबं दे, म्हणजे कुणाला नक्कल जमणार नाही, म्हणालीस. ती दोन टिंबं आहेत. तिन्ही वर्षी. दुसरं टिंब जरा मोठं येतं माझं, तेही तसंच.

तुझ्याकडे माझी पत्रं खोक्यात असतात ना? गेल्या तीन मार्च महिन्यांतली शोध. मी कुठे होते ते बघ. मला आठवत नाहीये. ट्रकमध्ये झोपले होते, कुठेतरी उतरले होते, एवढंच आठवतं.

दुपारी एकशे सत्तावीसला गेले. शेजारची शिवणवाली मशीनवर होती. मला पाहून पाय न थांबवता म्हणाली, "आल्या का महाराणी? वर्षातून एक दिवस उगवायचं, मोजणीवाल्याला दार उघडायचं की पसार. बाप गेला तेव्हा कुठे होतीस गं? तीन वर्षं झाली. थंडीत गेला, गल्लीने उचलला."

मी उंबऱ्यावरच बसले. ती उठली, पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "असू दे. पण माझं हिरव्या दोऱ्याचं रीळ दे परत. मागल्या वर्षी अस्तर शिवायला म्हणून नेलंस, ते नेलंसच."

ताई, खरं सांग. जॅकेट तू शिवलंस ना?

भिंगरी


७ मार्च

ताई,

सोबत बाबा गेल्याचा कागद आहे. जपून उघड, घडीवर शाई ओली होती.

काकांना मी परत विचारलं, "ही सही करणारी दरवर्षी दार उघडते, तर बाबा गेल्याचं तिने का नाही सांगितलं?" काका म्हणाले, "ते मला विचारतेस होय? मोजणीवाल्याने विचारलं की म्हणतेस, बाबा आत आहेत, झोपलेत."

शिवणवाली साक्ष द्यायला तयार होती. चालणार नाही म्हणाले. खबर द्यायची ती घरातल्याने, आणि वहीप्रमाणे घरात मी एकटीच. त्यांनी छापील जबाब पुढे केला: 'मी सदर घरात सहा वर्षे सलग राहत असून...'

"पण मी राहत नाही हो इथे."

"मग खबर देता येणार नाही," ते अगदी मायेने म्हणाले. "तुझे बाबा राहतील वहीत. आहेत बिचारे, त्यांना काय घाई."

मला आई दिसली, दार अर्धं उघडं ठेवून बसलेली. मी सही केली. दोन टिंबं दिली. काकांनी बाबांच्या नावावर तांबडी रेघ मारली आणि माझं नाव वरच्या ओळीत चढवलं. कुटुंबप्रमुख.

तिथून थेट बसस्टँडवर गेले. तुझ्याकडे यायचं, कागद तुझ्या हातात द्यायचा, आणि आईसमोर सगळं कबूल करायचं, असं ठरवून निघाले होते. तिकीट काढलं. ते तिकीट आत्ता माझ्यासमोर आहे, कंडक्टरने पंच केलेलं. म्हणजे मी बसमध्ये चढले होते. पण दिवस अजून वर आहे आणि मी बाबांच्या खाटेवर बसले आहे. स्टोव्हवरचं भांडं गरम आहे. दारामागे माझ्या मापाच्या चपला आहेत, झिजलेल्या. खिडकीत हिरवं रीळ होतं. ते आत्ताच शिवणवालीला देऊन आले. हे पत्र तिच्याकडेच देते आहे, ती पेटीत टाकेल. पेटीपर्यंत मी पोचेन असं मला वाटत नाही.

किल्ली लागली, बरं का. पहिल्या फेऱ्यातच. बाबांचा हात होता तो.

उद्या मोजणीवाला येईल. मी दार उघडीन. बाबांबद्दल विचारलं तर या वेळी खरं सांगेन.

आईला म्हणावं, ते एकटे नव्हते, मुलगी घरात होती. वहीत तसंच आहे. एवढं एक खोटं माझं पचवून घे. आणि तिला घेऊन जा आता. कुलूप लाव त्या दाराला, मागे वळून बघू नकोस.

एक शेवटचं. उठताना काकांनी विचारलं, "घरात आणखी कोण? बहीण आहे ना तुला? चढवून ठेवू का, येईल म्हणून?" मी त्यांचा हात धरला. खाली कोरी ओळ आहे, कोरी राहिली, मी तीनदा बघून आले. माझं नाव कमी करायला घरातलं माणूस लागेल, म्हणून तू यायचा विचार करशील. तुला मी ओळखते. तू यायचं नाही. आईची शपथ.

पण पत्र पाठव. वर्षानुवर्षं म्हणायचीस ना, भिंगरे, तुला लिहावं तर कुठे लिहू? घर क्रमांक एकशे सत्तावीस, शिवणवालीच्या शेजारी. मी घरीच असते.

तुझी,
आणि खाली, तू शिकवलीस तशी, दोन टिंबं

. .