कॅप उंच बसली होती

आई,

उजवीकडच्या दाढेवर कॅप बसवून महिना झाला, तरी घास चावला की कळ थेट कानात जाते. पोळी दुधात कुस्करून खातेय, शेवटी शेवटी तू खायचीस तशी. काल फरीदाबादहून धाकटीचा फोन आला. दाढेचं ऐकून म्हणते, "ताई, लवंग ठेव ना यार. आई मला कशी ठेवायची, आठवतंय?" तिच्या आवाजात तो लाड अजून ओला होता. आठवतंय म्हणजे काय! नातवंडं खांद्याला लागली माझी, पण एका जुन्या लवंगेवरून कालचा अख्खा दिवस मी जळत होते.

सरकारी क्वार्टरचं ते स्वयंपाकघर. स्टोव्ह फरफरतोय, धाकटी तुझ्या मांडीवर. तू लवंग आधी स्वतःच्या दाताखाली मऊ करतेस, तिच्या किडक्या दाढेत ठेवतेस आणि गालाला तळवा लावून बसतेस. भाजी करपते, तरी उठत नाहीस. माझीही दाढ त्याच आठवड्यात ठणकत होती. तुला सांगितलं तेव्हा तू पोळ्या लाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "थोरली ना तू? सोस जरा." सोसलं. मग शेजारच्या पंजाबी काकूंना तू कौतुकाने सांगितलंस, "मेरी बड़ी तो कभी चूं नहीं करती." मला तुझा हात हवा होता आणि मिळाली शाबासकी. जन्मभर तीच घट्ट धरून ठेवली बघ.

कॅप बसवताना इथल्या मयूर विहारच्या डॉक्टरीणबाईंनी दातांत निळा कागद धरून विचारलं होतं, "आंटी, ऊँचा तो नहीं लग रहा?" लागत होतं. भातात खडा यावा तसं. पण तोंडातून निघालं, "नहीं बेटा, ठीक है." तिने पक्की करून टाकली. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे मुलांना मीच शिकवलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा गप्प बसले.

आज सकाळी मात्र गेले. खुर्चीत टेकतानाच म्हटलं, "ऊँची है. पहले दिन से." पोर हसायला लागली. "अरे आंटी, तो महीना भर किसके लिए सहा?" आपलेच दात, आपलेच ओठ. कॅप घासायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग तिने माझ्या गालाला तळवा लावून जबडा हळूच मिटवला. "अब? लग रहा है?"

हे धाकटीला मुळीच सांगणार नाही, आणि तुझ्याकडे तर पत्र जायची सोय नाही, म्हणून लिहिते. लागत नव्हतं, आई. पण मी म्हणाले, "थोड़ा सा." आणि तिने हात तसाच ठेवला.