उजव्या हाताची नखं

३ मार्च
आजपासून राग बंद. बायको माहेरी जाऊन महिना झाला. खुर्ची तिच्यावर फेकली नव्हती, तिच्या दिशेने फेकली होती. फरक आहे, पण समजून कोण घेतो. गिटार आणली. मिन्युएट शिकणार. जुन्या दरबारातला सभ्य नाच, एक-दोन-तीन, सगळे कमरेत वाकणार. तिला फार आवडतो. पूर्ण वाजवता आला तर परत येईल म्हणे. पंधरा दिवसांचं काम.

९ मार्च
गिटारचे मास्तर म्हणाले, डाव्या हाताची नखं मुळापासून कापा, उजव्याची वाढवा. वाढलेल्या नखांनी मूठ वळत नाही. मेव्हण्याने हे तिला फोनवर सांगितलं. म्हणाली, मग आधी नखंच बघायला येईन. विश्वास म्हणतात तो हा.

१८ मार्च, सकाळी
मेट्रोनोम नावाचं टकटक करणारं यंत्र खिडकीतून पडलं. जोरात पडलं. खाली उभ्या गाडीची काच नेमकी वाटेत होती.

२६ मार्च
टायरच्या दुकानात एक गिऱ्हाईक अरेरावीवर आलं. पूर्वी दात पाडले असते. आज नखं आठवली. कोपरावर भागवलं. शांती अंगात मुरायला लागली आहे.

४ एप्रिल
मास्तर म्हणाले, तार छेडायची असते, उपटायची नसते. मग नीट उपटूनच दाखवली. तुटली, त्यांच्या गालाला लागली. मी मारलं म्हणतात. तारेने मारलं. आता येणार नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

११ एप्रिल
उद्या ती येणार. पहिला भाग तोंडपाठ. दुसरा जवळपास तसाच असतो, तर पहिलाच दोनदा वाजवीन. नवी तार चढवली. नखं घासून तेल लावलं.

१२ एप्रिल, संध्याकाळी
आली. सोबत मेव्हणाही. दारातच तिने माझा उजवा हात हातात घेऊन एकेक नख बघितलं. तिचे डोळे भरले, माझेही. बॅग आत ठेवली. मी वाजवायला बसलो. छान चाललं होतं. मेव्हणा म्हणाला, दाजी, तेच तेच वाजवताय.

१३ एप्रिल
मेव्हण्याचं नाक मोडलं. माझ्या डाव्या हाताची दोन बोटंही. नखं कापलेली मूठ फारच घट्ट बसते. प्लास्टर जूनपर्यंत. ती ओरडलीसुद्धा नाही. बॅग उचलली आणि म्हणाली, डाव्या हाताचं माझ्या लक्षातच आलं नाही.

उजव्या हाताची नखं मात्र सगळी शाबूत. सकाळपासून मोकळ्या तारा छेडतोय, अगदी हळू. एक-दोन-तीन. बरं वाजतंय. ऐकायला कोणी नाही.