पाणमांजर सापडेपर्यंत

३ मार्च, गुरुवार
बायको बहिणीकडे गेलीय, हे आज संध्याकाळी लक्षात आलं. मंगळवारीच गेली म्हणे. चहाचा डबा रिकामा झाला नसता तर अजूनही कळलं नसतं. फ्रिजवर चिठ्ठी होती, पण मी फ्रिज तळ्याच्या पाण्याची सॅम्पल ठेवायला उघडतो, दाराकडे कोण बघतंय! असो. थकली असेल बिचारी. चार दिवस विश्रांती होईल.

संकल्प : ती परत यायच्या आत तळ्यात पाणमांजर सापडलंच पाहिजे. बघून खूश होईल. अकरा वर्षांत कुणाला दिसलेलं नाही. पण दिसायला कशाला हवं? ते पोहतं, केस गळतात, कातडी झडते. बाटलीभर पाणी गाळायचं, गाळणीवरचा डीएनए मशीनला द्यायचा, की तळ्यात कोण राहतं त्याची यादी हातात. मागच्या महिन्यात एका बाटलीत त्रेचाळीस प्राणी ओळखले. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

६ मार्च, रविवार, पहाटे ५.१०
काल तिचा फोन. उद्या ये, बोलायचंय, म्हणाली. आवाज शांत होता, म्हणजे गाडी रुळावर आहे. पण नेमका आज वारा नाही, पाणी नितळ. पुढच्या रविवारी जाईन. प्रेमाची माणसं थांबतात, पाणी थांबत नाही.
(तळ्याचं थांबतं. हे नंतर सुचलं.)

९ मार्च
साडूभाऊंचा फोन. ती नीट जेवत नाही म्हणाले. मी म्हटलं, हवापालट मानवला नसेल. त्यांनी फोन ठेवला. रेंज गेली असावी.
सकाळी दोन कप चहा केला. दोन्ही मीच प्यायलो. घर फार गप्प आहे.

१३ मार्च, रविवार
आज निघालोच होतो. शर्टाला इस्त्रीसुद्धा केली. पण वाटेत तळं लागतं, आणि काठच्या चिखलात ठसा! पाच बोटं! तीन बाटल्या भरल्या. तिला मेसेज टाकला, थोडा उशीर होईल. चार वाजता तिचा मेसेज : आता नको येऊस. किती समजूतदार बाई आहे.

१५ मार्च
सापडलं!! तिन्ही बाटल्यांत! लॅबमध्ये उडीच मारली. आमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, कोरी बाटली कुठाय? कोरी म्हणजे नुसतं शुद्ध पाणी, बाकीच्यांसारखंच गाळायचं. त्यात जनावर निघालं तर घाण आपल्याच हातांची. घाईत राहिली होती. आता करा म्हणाल्या. करतो, उपचार म्हणून.

१७ मार्च
कोऱ्या पाण्यातही पाणमांजर.
मशीनची परीक्षा घ्यायला पाणमांजराच्या जुन्या कातड्याचा तुकडा आणला होता. तो मीच पाणी गाळायच्या टेबलावर कापला, गाळणी उचलायच्याच चिमट्याने धरून. मॅडम ओरडल्या नाहीत. घरी सगळं ठीक ना, एवढंच विचारलं. उत्तम, म्हटलं.
यादीत पहिल्या ओळीला नेहमी 'माणूस' येतो. आमच्याच हातांचा असतो, म्हणून न बघता खोडायचा. बारा वर्षं खोडतोय. आज जरा वेळ बघत बसलो. मग खोडला.

२० मार्च, रविवार
गेलो. रिकाम्या हाताने. चूक कबूल करायची आणि यापुढचे रविवार तुझे, असं सांगायचं, हे बसमध्ये तीनदा घोकलं. ती दारातच भेटली, बॅग भरून. दुसऱ्या गावी नोकरी धरलीय, आजच निघतेय. मी विचारलं, अजून रागावलीयस? नाही रे, म्हणाली, राग असता तर घरी भांडायला आले असते.
घोकलेलं काहीच बोललो नाही. बॅग मी खाली नेली. जड होती. जिन्यातच रडू फुटलं, मोठ्याने. शेजाऱ्यांनी दारं उघडली. तिने रुमाल दिला, जपून राहा म्हणाली, आणि टॅक्सीत बसली. मागे वळून बघितलं की नाही, मला नीट दिसलं नाही.
साडूभाऊ खाली आले. जेवून जा म्हणाले. मी म्हटलं, नको, उशीर होतोय, घरी ती वाट बघत असेल.