आई आळशी नव्हती

डमडम, कोलकाता
१२ फेब्रुवारी

ती. बाबांना,
मधुवंतीचा नमस्कार.

मी बरी आहे. डब्यातली खसखशीची भाजीसुद्धा आता आवडायला लागलीय. तुमचा गुडघा कसा आहे?

फोनवर रडू आवरलं नसतं, म्हणून लिहितेय. आमच्या प्रयोगशाळेत रुग्णांना मांडीवर पट्टी बांधून सायकल चालवायला लावतात. पट्टीतला प्रकाश कातडीतून आत जातो आणि स्नायू किती ऑक्सिजन वापरतोय ते कळतं. सुईसुद्धा टोचत नाहीत. तुलनेला निरोगी माणूस हवा होता, म्हणून मीच बसले. चार मिनिटांत पाय भरून आले. रक्तात ऑक्सिजन भरपूर होता, पण माझे स्नायू तो घेतच नव्हते. मॅडमनी दोनदा पट्टी बदलून पाहिली. मग हळूच विचारलं, "तुझी आई लवकर दमायची का गं?"

रक्ततपासणीचा निकाल काल आला. मला स्नायूंचा आजार आहे, आणि तो आईकडूनच मुलांना येतो.

बाबा, यमाईच्या पायऱ्या चढताना आई मधेच बसायची. तुम्ही म्हणायचात, "आळस भरलाय अंगात." मीही हसत पुढे निघून जायचे. शेवटी शेवटी तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आता तिला सांगायचं, तर ती नाही.

स्वतःला दोष देऊ नका. कुणालाच माहीत नव्हतं. माझं काम चालू आहे, फक्त जिने टाळते.

यामिनीलाही आईकडून हे आलं असेल. तिची तपासणी मी आल्यावर करू. तोवर ती दमले म्हणाली, की तिला बसू द्या. तुम्हीही तिच्याजवळ बसा.

तुमची,
मधू