सात की चौदा

९ फेब्रुवारी २०२२

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्यांच्यासोबत थोडा राग.

तुझं पत्र आत्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी स्वतः वाचायला घेतलं की दर ओळीला नाक मुरडतो, आणि ते तिला बघवत नाही. तर रक्तात जंतू शिरलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना अँटिबायोटिक सात दिवस द्यायचं, निम्म्यांना चौदा दिवस. कुणाला किती, ते संगणकानं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. शेवटी दोन्हीकडची किती माणसं जगली ते मोजायचं. असा हा तुझा उद्योग, आणि त्यासाठी कुठकुठली इस्पितळं तुझ्या हाताखाली.

अगं, तुझ्या बापाची उभी हयात लोकांना चौदा दिवस सांगण्यात गेली. आपल्या रस्त्यावर मला अजून चौदा डॉक्टर म्हणतात. दवाखाना बंद करून सहा वर्षं झाली, तरी मी समोर दिसलो की औषधाच्या दुकानातला माणूस सात-सात दिवसांची पाकिटं जोडीनंच काढतो. दोन गोळ्या उरवून बरा झालो म्हणत आलेल्यांना मी दारातून परत पाठवलंय. आणि आता माझीच पोर सात म्हणते.

एकच विचारतो, सरळ उत्तर दे. उद्या तुझ्या बापाच्या रक्तात जंतू शिरले, तर सातव्या दिवशी त्याचं औषध थांबवशील?

मी रागावलोय असंच समज. मुख्य संशोधक म्हणून तुझं नाव छापलेला कागद मात्र मी औषधवाला, न्हावी आणि बँक अशा सगळीकडे दाखवून आलोय. बँकेतल्या बाईंनी तो दोनदा वाचला.

भांडणासकट लोभ ठेवावा,
बाबा

२ मार्च २०२२

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर लावायला दोन संध्याकाळी गेल्या, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. दोष माझा नाही.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की मला माहीत नाही. माहीत असतं तर हा खटाटोप कशाला मांडला असता? चौदाचा आकडा कुठून आला ते शोधायला मी जुनी पुस्तकं उपसली. ज्यानं त्यानं तो आपल्या गुरूकडून घेतलाय. दोन आठवडे लक्षात ठेवायला सोपे, एवढंच कारण हाती लागलं. सात पुरतात का, हे पुरेशा माणसांवर कुणी पडताळूनच पाहिलेलं नाही.

आणि जादा दिवस फुकट पडत नाहीत, बाबा. औषध पोटातल्या निरुपद्रवी जंतूंनाही झोडपतं, आणि त्या मारातून जे वाचतात ते औषधाला दाद न देणारे. तेच पुढे पसरतात, आणि मग दुसऱ्याच कुणाच्या आजारात तेच औषध लागू पडत नाही. आमच्याकडे काचेच्या बशीत जंतू वाढवून मधोमध औषधाची टिकली ठेवतात. टिकलीभोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल दिसायला हवा. हल्ली कित्येक बशांत जंतू टिकलीला अगदी खेटून वाढलेले असतात. अशी बशी हातात आली की मी तीच चाचणी पुन्हा लावते.

तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका, हे मीही सगळ्यांना सांगते. डॉक्टरनं किती दिवस लिहून द्यावं, एवढंच विचारतेय.

आत्याला नमस्कार. तिला म्हणावं, नाक मुरडू देत, पण सगळं पत्र ऐकवत जा.

तुमच्या रागावर वाढलेली,
मुंगी

१२ सप्टेंबर २०२२

चि. मुंगीस,
आत्याचे आशीर्वाद.

घाबरशील म्हणून आधीच सांगते. तुझे बाबा बरे आहेत, घरी आहेत, आणि सकाळपासून माझ्याशी दोनदा भांडलेत.

गेल्या आठवड्यात एकदम हुडहुडी भरून ताप चढला. लघवीतला संसर्ग रक्तात गेला होता. कोपऱ्यावरच्या इस्पितळात ठेवावं लागलं. पहिले दोन दिवस याला धड बोलता येईना, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. शुद्धीवर येताच यानं पहिलं काय केलं असेल, तर तुला काही कळवायचं नाही अशी मला शपथ घातली. ती मी आज मोडतेय. त्याचं पाप त्याच्याच माथी.

आता ताप नाही, भात-भाजी व्यवस्थित जेवतो. पण परवापासून एक नवीन खूळ सुरू झालंय. सारखं काखेत थर्मामीटर लावतो आणि खिडकीशी जाऊन निकाल बघावा तसा पारा बघतो. का म्हणून विचारलं तर माझ्यावरच खेकसतो. इस्पितळातली एक तरुण डॉक्टरीण फोनवरून विचारपूस करते. तिच्याशी मात्र दार लावून गोड बोलतो. या वयात मी काय समजायचं?

मी लिहिलं हे त्याला कळलं तर माझं काही खरं नाही. फोन केलास तर मला सांभाळून घे.

तुझी आणि नाइलाजानं त्याचीही,
आत्या

१४ सप्टेंबर २०२२

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बरा आहे एवढं बोलून तुम्ही ठेवून दिलात, म्हणून हे पत्र कुरिअरनं पाठवतेय. आत्यावर चिडू नका. तिनं लिहिलं नसतं तर मी तिला जन्मभर माफ केलं नसतं. कालपासून माझं कशात लक्ष नाही. सहकाऱ्यांनी आज मला प्रयोगशाळेतून बाहेर काढलं, कारण मी एका बशीवर चुकीची तारीख घातली.

एक मागणं आहे. माझ्या प्रयोगाचं काय व्हायचं ते होवो, तुम्ही चौदा दिवस पूर्ण करा. हे कोण लिहितंय ते मला कळतंय. दुसऱ्यांच्या आईबापांसाठी मी रोज चिठ्ठ्या टाकते, आणि स्वतःच्या बापावर वेळ आली तसा हात आखडला. मला लाज वाटतेय, पण त्याहून जास्त भीती वाटतेय. हसायचं असेल तर पोटभर हसा. पण चौदा.

तिकीट काढू का, ते लगेच कळवा.

एवढं एक ऐकाल या आशेवर,
मुंगी

२० सप्टेंबर २०२२

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

ताप नाही. भूक आहे. औषध सांगितलं तेवढंच घेतलं, एक गोळी कमी नाही की जास्त नाही. तुझं पत्र उशीखाली ठेवलंय. हसलो नाही.

तिकीट काढू नकोस. काम अर्धवट टाकून आलीस तर मी दार उघडणार नाही, आणि आत्यालाही उघडू देणार नाही.

तब्येत तुझी जप, माझी जपायला इथे एक हुकूमशहा आहे,
बाबा

११ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, निकाल लागला. चार हजारांवर रुग्ण झाले. तीन महिन्यांनंतर मोजलं, तर सात दिवसवाल्यांत जितके जगले तितकेच चौदावाल्यांत. तसूभर फरक नाही. आकडेमोड करणारा आमचा सहकारी मुलखाचा घुम्या, पण तक्ता पडद्यावर आला तसा तोच आधी उठून उभा राहिला. मग आम्ही सगळेच उभे राहिलो. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

काल भरल्या सभागृहात मी हे मांडलं. शेवटी रुग्णांचे आभार मानताना जरा अडखळले. त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही, आम्हाला नुसते क्रमांक दिसतात. आजारानं अर्धमेली झालेली माणसं, कुणीतरी येऊन विचारलं तेव्हा हो म्हणाली. तुमच्यासाठी मी त्या वेळी एवढी हिंमत दाखवू शकले नव्हते. ती त्यांनी स्वतःसाठी दाखवली.

आता तुम्ही हवं तेवढं रागवा. छापील प्रत सोबत आहे, न्हाव्याला दाखवलीत तरी चालेल.

शाबासकीची वाट बघत,
मुंगी

२४ नोव्हेंबर २०२४

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, या वेळी निर्भेळ.

छापील प्रत मी स्वतः वाचली, नाक न मुरडता. आता एक सांगायचं राहिलंय ते सांगतो.

त्या आजारपणात ती तरुण डॉक्टरीण माझ्या खाटेशी आली आणि एका मोठ्या प्रयोगात भाग घ्याल का, असं तिनं विचारलं. मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. जंतू म्हणजे काय इथपासून तिनं मला समजावलं, आणि मी शहाण्या मुलासारखं ऐकून घेतलं. मग सही केली. तू मला लिहिलं होतंस, माहीत नाही. हे दोन शब्द लिहायला डॉक्टरच्या अंगात किती बळ लागतं, ते मला विचार. त्या पत्राचा मला फार अभिमान वाटला होता. म्हणून सही केली.

सातव्या दिवशी सकाळी तिनं संगणकाचा कौल सांगितला. सात. त्याच दिवशी गोळ्या बंद झाल्या आणि मी घरी आलो. तुझं चौदाचं पत्र हाती पडलं तेव्हा त्या बंद होऊन पाच दिवस झाले होते. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो. थर्मामीटरचं खूळ ते. तुला कळवलं असतं तर तू सगळे नियम बाजूला ठेवून फोन फिरवला असतास, आणि मग त्या प्रयोगाला काय अर्थ राहिला असता? आत्यालाही हे कालच कळलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

परवा वरच्या मजल्यावरचा शिंपी आला होता. त्याची बायको अशाच दुखण्यातून उठून इस्पितळातून घरी आलीय. सात दिवस झाले, औषध बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि याचा जीव थाऱ्यावर नाही. चौदा डॉक्टरांकडून आणखी सात दिवस लिहून घ्यावेत म्हणून तो तिला घेऊन आला. मी तिची नाडी पाहिली, ताप पाहिला, कागद वाचले आणि सांगितलं, की इस्पितळानं सांगितलंय तेच बरोबर आहे, थांबवा. असं कुठल्या मोठ्या डॉक्टरनं ठरवलं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, माझ्या मुलीनं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण आत्या आतून धावत आली.

शिंपिणीला आज भेटून आलो. शिवणाच्या मशिनवर बसलीय.

लोभ मात्र सातावर थांबवू नकोस.

तुझ्या चार हजारांतला एक,
बाबा