वर मूठभर

आई, सांगलीच्या बाजारात वांगी तोलून झाली तरी तू जागची हलायची नाहीस. पिशवीचं तोंड उघडं धरून तशीच उभी. "आवं मावशी, लय झालं की आता," बागवान कुरकुरायचा. "वर मूठभर मिरच्या घाल, मगच हलते," तू म्हणायचीस, आणि तो हसत घालायचा. मला तुझा केवढा अभिमान वाटायचा! घरी आल्यावर मात्र दादांसमोर, तुझ्या मालकासमोर, तुझा आवाज फुटत नसे. माझ्या लग्नात कानात सांगितलंस तेही तेच, "मालकाच्या शब्दाभाईर जाऊ नगंस."

तू दुष्काळात गेलीस. पुढच्याच वर्षी नवरा मला विलायतेला घेऊन गेला, तिथं त्याची गिरणीत नोकरी होती. तिथल्या शनिवारच्या बाजारात मी एका गोऱ्या बाईकडून बटाटे घेतले, पैसे दिले आणि पिशवी उघडी धरून उभी राहिले. बाई बघतेय, मागं रांग खोळंबलीय, मी हलत नाही. शेवटी कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या एका जुडीकडं बोट दाखवलं. तेवढ्यात ह्यांनी दंडाला धरून मला घरी आणलं. "भिकारी समजत्यात लोकं आपल्याला! हितनं पुढं बाजार मी करणार. तू घरात बसायचं." मला इंग्रजी येत नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. माणसांत जाणं म्हणजे तो एक बाजारच होता, तोही गेला.

नाही ऐकलं मी. पुढच्या शनिवारी हे कामावर गेले आणि मी पिशवी घेऊन निघाले. त्याच बाईसमोर तशीच उभी. तिनं काहीतरी पुटपुटत ती जुडी पिशवीत फेकली. फेकली का होईना! कोथिंबीर मुळीच नव्हती ती, वरणात घातल्यावर भलताच वास सुटला.

"ह्यो पाला कुठनं आणलास?" ह्यांनी विचारलं.

"बाजारातनं. वर घेतलाय. आनि दर शनिवारी जानार हाय मी."

ह्यांनी तेच वरण भातावर घेतलं. तिथं होतो तोवर बाजार मीच केला. भीक नव्हती ती, घेणाऱ्याचा हक्क होता, आणि आज इथं मलकापुरातही मी तो सोडत नाही. मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. तू जिवंत असतीस, तर त्या आठवड्यात मी तुलाच विचारलं असतं. तू म्हणाली असतीस, त्यांचं ऐक. आणि मी ऐकलं असतं.